मेलेल्याने कुणाचा राग धरावा?

ताई,

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा, नोकरीला पुण्यात. रात्री वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये युरोपच्या सर्व्हरवर आरपी करतो. म्हणजे नुसत्या लढाया नाहीत, एक पात्र धरायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, मिळून गोष्ट रचायची. उन्हाळ्यात त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेअकरा. आमच्या गिल्डची, म्हणजे खेळाडूंच्या गटाची, कथा बर्निंग क्रुसेड या विस्ताराच्या काळातली, सिल्व्हरमून नगरीचे ब्लड एल्फ नुकतेच होर्ड या गोटात आले तेव्हाची. माझं पात्र फोरसेकन आहे, म्हणजे त्याच गोटातला अनडेड, मरून उठलेला. ब्रिल गावचा शेतकरी. साथीत मेला, प्रेत म्हणून उठला, आता फोरसेकनांच्या राजधानीत, अंडरसिटीत मजुरी करतो.

दोन महिन्यांपूर्वी गिल्डमध्ये एक ब्लड एल्फ आली, ब्लड नाइट, म्हणजे पवित्र प्रकाशाच्या शक्तीने लढणारी योद्धा. खेळणारी मुलगी पोलंडची आहे. आमचा गिल्डप्रमुख म्हणाला, ‘अनडेड जिवंतांचा द्वेषच करतो, त्यात हे एल्फ म्हणजे जादूचे व्यसनी. तू मवाळ वागलास तर लोअर, खेळाचं ठरलेलं कथानक, मोडेल.’ म्हणून मी तिला रोज टोचत राहिलो. गेल्या आठवड्यात ट्रँक्विलियनच्या चौकात तिचं पात्र आपल्या वडिलांबद्दल सांगत होतं. सिल्व्हरमून पडलं तेव्हा ते गेले. माझा शेतकरी म्हणाला, ‘बरं झालं. जादू ओरबाडणारं एक तोंड कमी झालं.’ सगळे हसले. ती तिथल्या तिथे लॉग आउट झाली. दुसऱ्या दिवशी तिचा व्हिस्पर, खेळातला खाजगी निरोप, आला. तिचे खरे वडील महिन्यापूर्वी वारले होते.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. मी पात्र नीट वठवत होतो की चुकलो? आणि अशा बदनाम मित्रांबद्दल फोरसेकनने नक्की काय वाटून घ्यायचं?

— ब्रिलचा शेतकरी

*

प्रिय शेतकऱ्या,

तुझ्या दोन प्रश्नांच्या आधी एक काम आहे आणि ते आजच करायचं आहे. तिला उत्तर लिही. तुझ्या स्वतःच्या नावाने, खेळाबाहेर, चार ओळींत. वडील गेल्याचं कळून वाईट वाटलं, माझं ते वाक्य तुला लागलं, मला माफ कर, एवढंच. ‘मी नाही, माझं पात्र बोललं’ हे त्यात कुठेही येऊ देऊ नकोस. ते खरं असलं तरी आज त्याचा उपयोग नाही, कारण वाक्य टाइप करणारी बोटं तुझी होती. तिच्या घरची गोष्ट गिल्डमध्ये कुणाला सांगू नकोस, अगदी सहानुभूती मिळावी म्हणूनसुद्धा. आणि शेवटी विचार: वडिलांचा विषय यापुढे कथेत नको का? ती नको म्हणाली तर नको. कदाचित ती हवा म्हणेल. काही माणसांना असं दुःख एखाद्या पात्राच्या आडून बोलता येतं, सरळ येत नाही. पण ते तिने ठरवायचं. तू तिच्या वतीने ठरवू नकोस.

आणखी एक लक्षात घे. तुझी भाषा मराठी, तिची पोलिश, आणि तुम्ही दोघं इंग्रजीत भांडत होता. परक्या भाषेत टोमणा मारताना धार किती लागली ते बोलणाऱ्याला कळत नाही आणि ऐकणाऱ्याला सूर ऐकू येत नाही, फक्त शब्द दिसतात. मराठीत तेच वाक्य म्हणताना तुझी जीभ कुठेतरी अडली असती. ‘बरं झालं गेले’ हे आपण कुणाच्या वडिलांबद्दल बोलत नाही.

हे झालं की मग पुढचं वाच.

तुझ्या गिल्डप्रमुखाचं म्हणणं मला पटत नाही, आणि ते केवळ दयेपोटी नव्हे. तो ज्या लोअरचा हवाला देतो तेच त्याच्या विरुद्ध जातं. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, तसा मेलेला माणूस कशालाच जुमानत नाही, असं त्याने धरलं आहे. पण त्या खेळाने फोरसेकन असा रंगवलेलाच नाही. त्याला जन्मजात मिळालेली एक शक्ती बघ, विल ऑफ द फोरसेकन. भुरळ, भीती, झोप, जे काही मन दुसऱ्याच्या ताब्यात देतं ते सगळं ती झटकून टाकते. तिच्या नावातच इच्छाशक्ती आहे. तुझ्या शेतकऱ्याकडे घर नाही, शेत नाही, अंगावर धड कातडी नाही. जे उरलं आहे ते एवढंच, की आता तो स्वतःच्या मनाने पाऊल टाकतो. हे त्याचं सर्वस्व. त्याचं प्रेम, राग, मैत्री, सगळं तिथून मोजायला लाग.

आता मागे जाऊ. अँडोरहॉलहून वाटलेल्या धान्यातून लोर्डेरॉनमध्ये, तुझ्या शेतकऱ्याच्या राज्यात, साथ पसरली, हे 2002 च्या वॉरक्राफ्ट 3 पासूनचं कथानक. शेतकरी आणि अन्नानेच मेला, यापेक्षा कडू मरण त्याला दुसरं नव्हतं. पुढे राजपुत्र आर्थसने बापाला, राजा टेरेनासला, सिंहासनासमोर मारलं आणि मेलेल्यांची फौज घेऊन एल्फांच्या क्वेल’थलासवर गेला. त्या फौजेत कोण होतं? लोर्डेरॉनचीच माणसं. मेलेल्यांवर हुकमत चालवणाऱ्या लिच किंगच्या मुठीत मन गेलेली, हात चालताहेत पण हुकूम दुसऱ्याचा. लिच किंगची पकड सैल झाली आणि काही जण भानावर आले ते त्यानंतर, 2003 च्या फ्रोझन थ्रोनमध्ये. त्यांनाच सिल्वानसने, त्यांच्या पुढच्या राणीने, गोळा केलं. तेच फोरसेकन, म्हणजे टाकलेले. आपल्याकडे ‘टाकलेली’ म्हणताना बाईच्या वाट्याला काय येतं ते तुला ठाऊक आहे. तेवढं सगळं त्या शब्दात धर.

मग हिशोब मांड. तुमची कथा बर्निंग क्रुसेडच्या काळातली आहे. व्हॅल्’किरांनी नव्याने उठवलेले, लिच किंगच्या फौजेत कधीच नसलेले फोरसेकन येतात ते पुढे, 2010 च्या कॅटॅक्लिझममध्ये. तुला ती पळवाट नाही. तुझा शेतकरी मेला, उठला आणि भानावर येईपर्यंत त्या फौजेत चालला. कुठे चालला? एव्हरसाँगच्या सोनेरी जंगलातून सिल्व्हरमूनपर्यंत गेलेली ती काळी करपलेली पट्टी, डेड स्कार, ती ज्या पायांनी पडली त्यात त्याचे पाय असतील का?

शेतकऱ्या, मला हा प्रश्न तुझ्या अख्ख्या पात्राचा गाभा वाटतो. तू त्याला एल्फांवर रागावलेला ठेवलास. पण त्या चौकात ती बापाबद्दल बोलत होती तेव्हा त्याने मान खाली घालायला हवी होती. कदाचित तिच्या बापाला मारणाऱ्या गर्दीत तो स्वतः होता. कदाचित नव्हता. त्याला आठवत नाही, आणि कुणालाच सांगता येणार नाही. गुन्हा त्याचा नाही, कारण मन त्याचं नव्हतं. पण हात त्याचे होते. अशा माणसाच्या तोंडून एल्फांबद्दल कडवट शब्द येतीलही, मी नाही म्हणत नाही. मात्र ते अपराध झाकायला येतील. त्याला तिची नजर सहन होत नाही म्हणून येतील. तिला बघून ‘एक तोंड कमी झालं’ म्हणणारा आणि तिला बघून खोली सोडून जाणारा, यातला दुसरा जास्त भयाण आहे. आणि जास्त खराही.

द्वेषाच्या नियमाला आणखी एक खिंडार आहे. ज्या राणीसाठी फोरसेकन जीव टाकतात ती सिल्वानस स्वतः एल्फ आहे, सिल्व्हरमूनची रेंजर-जनरल. आर्थसने तिला तिथेच मारून बॅन्शी, म्हणजे किंचाळणारं भूत, केलं. सरसकट एल्फांना शिव्या घालणारा फोरसेकन राणीच्या रक्ताला शिव्या घालतो. ब्लड एल्फांना होर्डमध्ये आणण्यात तिचाच हात होता. घोस्टलँड्समध्ये ट्रँक्विलियनला फोरसेकन सैनिक तळ देऊन आहेत, एल्फांच्या खांद्याला खांदा लावून. तू ज्या चौकात ते वाक्य बोललास तो चौकच या दोस्तीवर उभा आहे.

आणि राणी स्वतः कशी वागते तेही बघ. तिचा हरवलेला हार विंडरनर गावात सापडतो, बहिणीने दिलेला. खेळाडू तो अंडरसिटीत तिला नेऊन देतो. ती आधी फटकारते, हे मला दाखवून काय मिळवलंस, आता त्याचा मला काही अर्थ नाही. हार हातातून पडू देते. आणि मग एल्फांच्या भाषेत विलाप गाऊ लागते. मी तो प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा गाणं संपेपर्यंत कळफलकावरून हात उचलून बसले होते. तोंडाने नाकारायचं आणि गळ्याने कबूल करायचं, ही अनडेड पात्राची रीत तिथे शिकायला मिळते. तुझ्या प्रमुखाला ‘मवाळ’ वाटेल असं त्यात काहीच नाही.

म्हणजे शेतकऱ्याने ब्लड एल्फांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा का? मुळीच नाही. अविश्वासाला जागा भरपूर आहे, फक्त ती नेमकी शोध. त्यांचा राजपुत्र केल’थस आउटलँड या दुसऱ्या जगात इलिडनच्या, एका राक्षसी सरदाराच्या, पदरी गेला आहे, ही रास्त शंका आहे. ‘जादूचे व्यसनी’ ही मात्र शंका नाही, ती शिवी आहे. आर्थसने त्यांची सनवेल, जादूचा झरा, नासवली. ज्या झऱ्यावर पिढ्यानपिढ्या जगले तो आटला, दहातले नऊ मेले आणि उरलेल्यांना ती तहान लागली. भूक म्हणजे काय हे फोरसेकनला कुणी शिकवायला नको. त्या कारणासाठी त्याने त्यांना हिणवणं मला तरी बसत नाही.

पण ती ब्लड नाइट आहे, आणि इथे तुझ्या हाती सोन्याची खाण आहे. ब्लड नाइटांकडे लाइट, तो पवित्र प्रकाश, येतो कुठून? म्’उरू नावाच्या नारूकडून, प्रकाशाच्या त्या जिवंत देहाला सिल्व्हरमूनमध्ये कैद करून, त्याच्यातून ओढून घेऊन. आता तुझा शेतकरी घे. जिवंतपणी लाइटची प्रार्थना करणारा, लोर्डेरॉनचा कुठलाही खेडूत करायचा तशी. मेल्यावर त्या लाइटने त्याला ओळख दिली नाही. आणि तो स्वतः दुसऱ्याच्या मुठीत बंदी राहून आलेला. त्याला कळतं की इथे तोच लाइट साखळदंडात आहे आणि त्याच्या इच्छेविरुद्ध राबवला जातो. त्याला काय वाटेल? संताप? दया? की मनाच्या तळाशी एक ओंगळ समाधान, की मला सोडून गेलास ना, आता तू पण भोग? मला यातलं तिसरं सगळ्यात भीतीदायक वाटतं. पण निवड तुझी. एकच सांभाळ: हे गुपित त्याला तिच्या तोंडून किंवा कथेतल्या एखाद्या वाटेने कळू दे. तुला ठाऊक आहे म्हणून त्याला ठाऊक नसतं.

हाच नियम वॅरिमॅथ्रसला लाव. तो ड्रेडलॉर्ड तुमच्या राणीच्या दालनात तिच्या शेजारी उभा आहे. ज्या जातीच्या राक्षसांनी लिच किंगच्या फौजेवर पहारा केला त्याच जातीचा. स्वतःच्या भावावर हात उचलून तो राणीच्या बाजूला आला. वादग्रस्त मित्र म्हणतात तो हा. 2008 च्या राथ ऑफ द लिच किंगमध्ये तो काय करतो ते तुला माहीत आहे, शेतकऱ्याला नाही. त्यामुळे ‘हा दगा देणार’ असं भविष्य त्याच्या तोंडी घालू नकोस. पण घरात राक्षस ठेवून शेजाऱ्याच्या एल्फ सुनेला अपवित्र म्हणणारा माणूस कसा दिसतो, हे तिच्या पात्राने एकदा त्याला सुनवावं असं मला फार वाटतं. आणि तिने ब्रिलच्या औषधवाल्यांबद्दलही विचारावं. ते बंदिवानांवर विषाचे प्रयोग करतात आणि त्यांच्यासाठी सामान गोळा करून आणणाऱ्यांत तुझा शेतकरीही असेलच. दोघांचेही हात मळलेले असले की संवादात जीव येतो. एकाने न्यायाधीश आणि दुसऱ्याने आरोपी व्हायचं, तसं दोन महिने चाललं होतं.

तू वेंगुर्ल्याकडचा आहेस म्हणून एक आठवण करून देते. आरवलीच्या वेतोबाच्या पायाशी नवसाच्या मोठाल्या वहाणा तू पाहिल्या असशील. तो रात्री गावाभोवती फिरतो, राखण करतो, फिरून फिरून वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. केळीचा घड अर्पण करायचा. नाव वेताळ, भुतांचा राजा, आणि गाव त्याच्या भरवशावर झोपतं. भीती जात नाही आणि विश्वासही जात नाही. बदनाम रखवालदाराशी माणसं कशी नांदतात याचा वस्तुपाठ तुझ्या गावच्या वाटेवर आहे. तुझ्या होर्डमधल्या ऑर्कांनी फोरसेकनांकडे आणि फोरसेकनांनी एल्फांकडे असंच बघावं: त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही, पण वहाणा वेळेवर द्यायच्या.

आणि तिथलीच दुसरी गोष्ट, दहाव्याची. पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरचे काय करतात? हात जोडून विचारतात, कशात जीव अडकला आहे? मुलीचं लग्न? जमिनीचा वाद? योग्य ते नाव घेतलं की कावळा शिवतो. तुझ्या शेतकऱ्याच्या पिंडाला कुणी कावळा बोलावलाच नाही. तेव्हा तू विचार. त्याचा जीव कशात आहे? त्याच्या घरी कोण होतं? ते पत्रात नाही, आणि मला वाटतं तू अजून ठरवलेलंही नाहीस. वहीत एक पानभर लिहून काढ. त्या एका गोष्टीवरून त्याने एल्फांशी, ऑर्कांशी, वॅरिमॅथ्रसशी कसं वागायचं ते आपोआप सुटत जाईल. ‘अनडेड द्वेष करतो’ हे वाक्य जातीबद्दल आहे. तुला माणूस लागतो.

गिल्डप्रमुखाशी वाद घालू नकोस. त्याला लोअर हवं आहे तर लोअर दे: राणीचा हार, ट्रँक्विलियनचा तळ, आणि ईस्टर्न प्लेगलँड्समध्ये लाइट्स होप चॅपेलला जिवंत माणसांबरोबर काम करणारा लिओनिड बार्थोलोम्यू, जो अनडेड असून लिच किंगविरुद्ध लढणाऱ्या आर्जंट डॉन या संघटनेत आदराने ओळखला जातो. एवढं ऐकूनही तो ‘द्वेषच कर’ म्हणाला, तर तुला दुसरा गिल्ड शोधावा लागेल. आणि एक गोष्ट मात्र त्याला स्पष्ट सांग. यापुढे बोचरा प्रसंग खेळायच्या आधी समोरच्याला दुहेरी कंसात, म्हणजे पात्राबाहेर येऊन, विचारलं जाईल, चालेल ना म्हणून. तसंच एल्फांच्या प्रेतांपाशी कुणी गंमत म्हणून कॅनिबलाइझ, ती प्रेत खायची फोरसेकनांची शक्ती, वापरणार नाही, तिला चालत असल्याशिवाय. अशाने प्रसंगातली भीती कमी होत नाही. नाटकातले दोघं तलवारबाजी आधी बसवतात, म्हणून रंगमंचावर ती जिवावरची दिसते.

पात्र बदलू नकोस. तो शेतकरी टाकून देऊन नवीन ऑर्क घेतलास तर ते वाक्य तिथेच लटकत राहील. त्याला बोललेलं निस्तरू दे.

ती परत आली आणि विषय चालेल म्हणाली, तर हा प्रसंग खेळ. जागा लोर्डेरॉनच्या पडक्या राजवाड्याची. सिल्व्हरमूनहून ऑर्बने, तिथल्या जादूच्या गोळ्यातून, येणारा एल्फ तिथेच उतरतो, म्हणजे तिला तुमच्या गावी यायला तोच दरवाजा. जवळच सिंहासनाचं दालन आहे. टेरेनासचा मुकुट घरंगळला त्याचा रक्ताचा माग अजून फरशीवर आहे. एकाच माणसाने दोघांची घरं बुडवली आणि ते काम इथून सुरू झालं. तुझा शेतकरी तिथे वाट बघत उभा असू दे. तो गटरस्पीकमध्ये बोलला तर तिला कळणार नाही, ती थॅलेशियनमध्ये बोलली तर त्याला कळणार नाही. दोघांनाही ऑर्कांच्या उसन्या भाषेत बोलावं लागेल, जशी तुम्ही दोघं इंग्रजीत बोलता. म्हणून त्याची वाक्यं तोकडी ठेव. त्याने माफी मागू नये, ती तू आधीच मागितली आहेस. लांब भाषणही नको. इमोटमध्ये, पात्राची कृती सांगणाऱ्या ओळीत, एवढंच लिही, की तो मागाच्या कडेला उभा आहे, त्यावर पाय न ठेवता. मग त्याने विचारावं:

‘तुझ्या बापाचं नाव काय होतं?’

आणि थांब. लांब उत्तर लिहायला माणसाला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि समोरचा लिहितो आहे की उठून गेला आहे हे तिथे दिसत नाही. तेवढा वेळ तू काही टाइप करू नकोस.

तुझी,
ताई